प्रोप्रॅनोलॉल आणि चिंचोक्याचा गम: कोणाचं कोणाशी पटतं (प्रकल्प नोंदी)

१ ऑगस्ट २०२४

प्रोजेक्ट फायनल झालं एकदाचं. प्रोप्रॅनोलॉल हायड्रोक्लोराइड (रक्तदाबावरचं औषध) याची हळूहळू औषध सोडणारी मॅट्रिक्स गोळी करायची, म्हणजे औषध पॉलिमरच्या (फुगून औषध अडवणाऱ्या पदार्थाच्या) जाळ्यात बसवायचं, आणि पॉलिमर नैसर्गिक हवेत. तीन घेतले: चिंचोक्याचा गम, ग्वार गम आणि सोडियम अल्जिनेट. औषध एका कंपनीकडून गिफ्ट सॅम्पल म्हणून मिळालंय, २५ ग्रॅम, म्हणजे जपून वापरायचं. मॅडम म्हणाल्या, "गोळीचं नंतर बघू, आधी औषध आणि पॉलिमरचं पटतंय का ते दाखव." मला वाटलं पंधरा दिवसांचं काम आहे. (नोंदी तेव्हाच्या वहीतल्याच आहेत, फक्त जरा नीट करून टाइप करतोय, त्यामुळे असली वाक्यं आता वाचताना माझं मलाच हसू येतंय.)

लॅक्टोज यादीतून आधीच काढला. औषधात अमाइन (नायट्रोजनवाला गट) आणि लॅक्टोज रिड्यूसिंग साखर (अमाइनशी अभिक्रिया करू शकणारी), दोघं एकत्र राहिले की तपकिरी व्हायची भीती. त्याऐवजी फिलर (गोळीचं आकारमान भरून काढणारा पदार्थ) म्हणून एमसीसी, म्हणजे मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज.

३ ऑगस्ट

ग्वार आणि अल्जिनेट विकतचे. चिंचोक्याचा गम मात्र स्वतः काढायचा ठरवला, कारण विकतचा कसा काढलाय ते आपल्याला कळत नाही. बार्शीहून मित्राने दोन किलो चिंचोके आणले, १२० रुपये. लॅबमधले मामा ते बघून म्हणाले, "काय घोंगड्याला खळ देताय का?" त्यांचं आजोळ मंगळवेढ्याकडचं, तिकडे घोंगडी कडक व्हावी म्हणून चिंचोक्याची खळ देतात, लहानपणी त्यांनी ती शिजवलीय. मामांनी सांगितलं की आधी वाळूत भाजा, टरफल तडकलं की चोळून काढा, घाई करू नका. मी घाई केली. अर्धवट भाजले, जमेल तेवढं टरफल काढलं आणि उरलेलं मिक्सर बघून घेईल म्हणून दळून टाकलं. या एका आळसाची किंमत पुढे महिनाभर मोजली.

६ ऑगस्ट

२० ग्रॅम पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं. पिठल्यात पडतात तशा गुठळ्या, बाहेरून चिकट, आतून कोरड्या. फेकून दिलं.

दुसऱ्यांदा मामांच्या पद्धतीने: पीठ आधी २०० मिली गार पाण्यात कालवून घेतलं, मग ते ८०० मिली उकळत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये धार धरून ओतलं, वॉटर बाथवर २० मिनिटं ढवळत ठेवलं, रात्रभर तसंच. सकाळी सेंट्रीफ्यूज. आमच्या मशीनमध्ये १५ मिलीच्या आठ नळ्या बसतात, ५००० आरपीएमला २० मिनिटांची एक फेरी, अशा आठ फेऱ्या. पूर्ण दिवस त्यातच गेला. वरच्या द्रावात दुप्पट सॉल्व्हंट ओतून गम खाली बसवायचा असतो, पुस्तकात इथे अल्कोहोल लिहिलंय पण आमच्याकडे अल्कोहोलचा परवाना, रजिस्टर, सही हे सगळं होईपर्यंत आठवडा जातो, म्हणून ॲसिटोन वापरलं, चाललं. पांढऱ्या दोऱ्यांसारखा गम वर आला तेव्हा फार भारी वाटलं. फक्त तो पांढरा नव्हता, चहात बुडवलेल्या कापसासारखा होता. ५० अंशाला वाळवून, कुटून, ८० नंबरच्या चाळणीतून काढला, साडेसात ग्रॅम भरला. रंगाकडे मी दुर्लक्ष केलं. मामांनी केलं नाही, पण मी ऐकलं नाही.

१० ऑगस्ट

औषध ५०० मिग्रॅ आणि पॉलिमर ५०० मिग्रॅ, चाळून, एकत्र करून काचेच्या व्हायलमध्ये. तिन्ही पॉलिमरचे सेट, शिवाय नुसतं औषध. स्टॅबिलिटी चेंबर (ठराविक तापमान आणि आर्द्रता राखणारं कपाट) सीनियर लोकांनी भरलेला, म्हणून जुगाड: डेसिकेटरच्या (झाकणाच्या हवाबंद काचेच्या भांड्याच्या) तळाला मिठाचं संपृक्त द्रावण, आणि अख्खा डेसिकेटर ४० अंशाच्या ओव्हनमध्ये. सोडियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण या तापमानाला जवळपास ७५ टक्के आर्द्रता धरून ठेवतं. तळाशी न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे, ते दिसेनासं झालं तर द्रावण संपृक्त राहिलेलं नाही. व्हायलना रबरी बूच, वर ॲल्युमिनियमचं सील, एकदम प्रोफेशनल.

२२ ऑगस्ट

बारा दिवस झाले, कशातच काही बदल नाही, मी खूश. मॅडमनी एक व्हायल हातात घेऊन विचारलं, "ओलावा आत कुठून जाणार?"

मी दोन मिनिटं गप्प. डेसिकेटरमधली ७५ टक्के आर्द्रता बुचाच्या बाहेरच राहिली, आतलं मिश्रण बारा दिवस नुसतं गरम झालं. बारा दिवस आणि जवळपास दोन ग्रॅम औषध पाण्यात, खरं तर पाण्याअभावी. आजपासून नवीन सेट, सील नाही, बूच नाही, तोंडाला बारीक भोकं पाडलेलं फॉइल. ज्यांना नुसत्या तापमानाचा परिणाम बघायचाय त्यांनी बंद व्हायलचा सेट वेगळा ठेवा, पण दोन्हीत गल्लत करू नका.

२९ ऑगस्ट

सातव्या दिवशी चिंचोक्याच्या व्हायलमधलं मिश्रण गुलाबीसर तपकिरी. ग्वार आणि अल्जिनेट पांढरेच. पोटात गोळा. ज्या गमसाठी इतका आटापिटा केला त्याचंच औषधाशी पटेना.

मैत्रिणीने साधा प्रश्न विचारला, नुसता गम ठेवला होतास का? नव्हता. औषध एकटं ठेवलं होतं, पॉलिमर एकटे ठेवायचं सुचलंच नव्हतं. मग गमचा एक चमचा चार दिवस तसाच ठेवला, तर तोही गडद झाला, औषधाचा त्यात काही हात नाही. गमच्या पाण्यात फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले, लगेच हिरवट काळं. टॅनिन, म्हणजे तुरट चवीचं द्रव्य. चिंचोक्याच्या लाल टरफलात ते भरपूर असतं आणि मी ते मिक्सरमध्ये औषधासकट... म्हणजे औषध नाही, पिठासकट दळलं होतं. टॅनिन अमाइनवाल्या औषधांना धरूनही ठेवतं, त्यामुळे रंगाचा प्रश्न नसता तरी हा गम बाद करावाच लागला असता.

४ सप्टेंबर

दुसरी बॅच. यावेळी चिंचोके वाळूत मामांच्या देखरेखीखाली भाजले, दाणा हातात घेऊन वाजवायचा, आत खुळखुळला की झालं. जास्त भाजला तर आतला गर पिवळा पडतो, तेही नको. टरफलाचा एकेक तुकडा नखाने काढला, दोघं बसून तीन तास. नऊ ग्रॅम गम, पांढराच म्हणावा असा, फेरिक क्लोराइडला गप्प. उद्यापासून याचा सेट नव्याने, आणि या वेळी नुसत्या पॉलिमरच्या व्हायलसुद्धा. ग्वार आणि अल्जिनेटचा २२ ऑगस्टचा सेट तसाच चालू.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. मी गावी. मामा इथेच राहतात, त्यांनी ओव्हनच्या रोज थर्मामीटरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचं कबूल केलं. एका दिवशी लाईट गेल्यामुळे ३४ वर आलेला फोटो आला, खाली लिहिलेलं, "आता आली लाईट, बाप्पा मोरया". नोंद वहीत केलीय, लपवण्यात अर्थ नाही.

२० सप्टेंबर

एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरण कुठे शोषले जातात त्याच्या आलेखावरून रेणूतले बंध ओळखायची चाचणी. मशीन दुसऱ्या संस्थेत, सॅम्पलमागे २५० रुपये, सात सॅम्पल, १७५०. सॅम्पल पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये घोटून त्याच्या टिकल्या मीच दाबल्या. बाहेर पाऊस, त्यामुळे ब्रोमाइड ओलं, पहिल्या तीन टिकल्या दुधाळ आणि आलेखात ३४०० (तरंगसंख्या, प्रति सेंमी) च्या आसपास नुसता पाण्याचा डोंगर. ब्रोमाइड ११० अंशाला तापवून वाळवलं तेव्हा जरा पारदर्शक झाल्या.

आता खरी गडबड. नुसत्या औषधाचा आलेख आणि चिंचोक्याच्या मिश्रणाचा आलेख एकावर एक ठेवला तर २८०० ते २४०० च्या पट्ट्यात, जिथे अमाइन क्षाराचे रुंद पीक (आलेखातले उंचवटे) येतात, तिथे फरक. ग्वारमध्येही तोच फरक. अल्जिनेटमध्येही तोच. म्हणजे तिघांशीही भांडण? एखाद्या औषधाचं कोणाशीच पटत नसेल तर दोष बहुतेक आपल्या हातात असतो, पण हे कळायला आठवडा लागला. तोवर मी मॅडमना मेसेज करून बसलो होतो की इंटरॅक्शन सापडलं.

२६ सप्टेंबर

मॅडमनी फार्माकोपियातला (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथातला) इन्फ्रारेडचा भाग वाचायला लावला. हायड्रोक्लोराइड क्षार असेल तर ब्रोमाइडऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरा असं तिथे सरळ लिहिलंय, कारण खलात घोटताना आणि दाबताना औषधातला क्लोराइड आणि टिकलीतला ब्रोमाइड जागा बदलू शकतात. आणि मी काय केलं होतं, नुसतं औषध अर्धा मिनिट घोटलं, पण गम चिवट असल्याने मिश्रणं पाच पाच मिनिटं घोटली. मिश्रणात अदलाबदल जास्त, औषधात कमी, आणि तो फरक मी पॉलिमरच्या नावावर खपवला.

क्लोराइडच्या टिकल्या, सगळ्यांना मोजून दोन मिनिटं घोटणं, पुन्हा चार सॅम्पल, पुन्हा १००० रुपये. यावेळी फरक गायब. ईथरचा १२६७ चा पीक आणि नॅफ्थलीन रिंगचा ७७० जवळचा, दोन्ही तिन्ही मिश्रणांत जागच्या जागी. ३४०० च्या भागावर मात्र मी काहीच बोलणार नाही, तिथे पॉलिमरचे सगळे ओएच (हायड्रॉक्सिल गट) बसलेले असतात, त्यांच्याखाली औषधाचं काय चाललंय ते दिसत नाही. पुष्कळ थिसिसमध्ये तिथला पीक रुंद झाला म्हणून हायड्रोजन बाँडिंग असं ठोकून दिलेलं वाचलंय. दोन आलेखांची नुसती बेरीज केली तरी तो रुंदच येतो.

३ ऑक्टोबर

चिंचोक्याचे २८ दिवस पूर्ण. रंग पांढरा, गुठळी नाही. अल्जिनेटचं मिश्रण थोडं ओलसर होऊन व्हायलच्या भिंतीला चिकटलेलं, पण रंग ठीक. आता औषध किती उरलंय ते मोजायचं, यूव्हीवर, म्हणजे द्रावण अतिनील प्रकाश किती शोषतं ते बघून, २९० नॅनोमीटरला.

मिश्रण पाण्यात टाकलं, हलवलं, गाळलं. गाळलं कसलं, फिल्टर पेपरवर जेली बसली आणि तासाभरात पाच मिली उतरलं. आकडा चिंचोक्यात ८४ टक्के, ग्वारमध्ये ८१. परत पोटात गोळा, पण यावेळी आधी स्वतःवर संशय घेतला. शून्य दिवसाचं ताजं मिश्रण त्याच पद्धतीने मोजलं, तेही ८३. म्हणजे औषध खराब झालेलं नाही, जेलीत अडकलंय. पाण्याऐवजी मेथॅनॉल घेतलं, औषध त्यात विरघळतं आणि गम तसाच खाली बसून राहतो. सोनिकेटरमध्ये पंधरा मिनिटं, मग सेंट्रीफ्यूज. चिंचोका ९८.९, ग्वार ९८.४, अल्जिनेट ९८.१. तुम्ही करत असाल तर ताज्या मिश्रणावर आधी ही खात्री करूनच महिना मोजायला घ्या.

यूव्हीला औषध आणि त्याचा बिघडलेला तुकडा यांतला फरक कळेलच असं नाही, म्हणून टीएलसीही केली, त्यात प्लेटवर द्रावक (मोबाइल फेज) वर चढताना वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांत सुटतात. मोबाइल फेजमध्ये अमोनियाचे थेंब टाकायला विसरलो, ठिपक्याला शेपूट फुटली, परत केली. एकच ठिपका, सगळीकडे.

९ ऑक्टोबर

डीएससी, म्हणजे सॅम्पल हळूहळू तापवून ते कधी वितळतं आणि किती उष्णता घेतं ते बघायची चाचणी. सॅम्पलमागे ९०० रुपये, खिशाकडे बघून पाचच: औषध, चिंचोका गम, अल्जिनेट, आणि दोघांची औषधासोबतची मिश्रणं. ४५०० गेले. ग्वार सोडला.

नुसतं औषध १६५ अंशाला टोकदार वितळलं. चिंचोक्याच्या मिश्रणात १६४, छान टोकदार. पण पीकखालचं क्षेत्रफळ (वितळताना घेतलेली उष्णता) बघितलं तर औषधाचं १२४ जूल प्रति ग्रॅम आणि मिश्रणाचं ५७. अर्धं औषध गेलं कुठे म्हणून मी दहा मिनिटं घाम पुसत होतो, मग ट्यूब पेटली की मिश्रणात औषधच अर्धं आहे, ६२ च्या आसपास यायला हवं होतं, ५७ म्हणजे बरंच ठीक. ऑपरेटरदादा म्हणाले, दर वर्षी एक जण हीच चूक करतो.

अल्जिनेटचं मात्र वेगळं. पीक १५९ ला सरकलेला, पसरट, क्षेत्रफळ ३६. एफटीआयआर म्हणतंय सगळं ठीक, ॲसे (औषध किती उरलंय त्याचं मोजमाप) म्हणतोय ठीक, डीएससी म्हणतंय काहीतरी आहे. एकट्या डीएससीवर मी शिक्का मारणार नाही, कारण तिथे आपण मिश्रण दीडशेच्या वर तापवतो, गोळी काही कोणी तापवून खात नाही.

१६ ऑक्टोबर

आजचा दिवस महत्त्वाचा, आणि खर्च शून्य. चहा पिताना डोक्यात आलं की मी महिनाभर कोरडी मिश्रणं तपासतोय, गोळी तर पोटात ओली होणार. औषधाचं २ टक्के द्रावण, तिन्ही पॉलिमरची १ टक्का द्रावणं, दहा दहा मिली एकत्र, बीकरच्या मागे काळा कागद.

चिंचोका: आधी जेवढा धूसर होता तेवढाच. ग्वार: तसाच. अल्जिनेट: ओतता ओतताच पांढरे धागे, ढवळल्यावर ताकासारखं, अर्ध्या तासात तळाला साका. दोन्ही द्रावणं वेगवेगळी स्वच्छ होती! औषध धन भाराचं, अल्जिनेट ऋण भाराचं, पाण्यात सुटे झाल्या झाल्या एकमेकांना चिकटले. त्याच बीकरमध्ये मीठ टाकून ढवळलं तर गढूळपणा बराच कमी झाला, म्हणजे ही भाराचीच पकड. हे पहिल्या दिवशी, पहिल्या अर्ध्या तासात कळलं असतं.

२२ ऑक्टोबर

डोळ्यांनी दिसलं तरी आकडा हवा. डायलिसिस मेम्ब्रेन (औषध आरपार जाऊ देणारा, पॉलिमर अडवणारा पातळ पडदा) तिघांनी मिळून मागवली, माझा वाटा ९००. पिशवीत २० मिग्रॅ औषध आणि १ टक्का पॉलिमर असं १० मिली पाणी, बाहेर १०० मिली पाणी, सहा तास. पहिल्या पिशवीची गाठ सुटली, सगळं बाहेर, दोन्ही टोकांना दुहेरी गाठ मारा आणि वर क्लिप लावा.

बाहेर आलेलं औषध: पॉलिमरशिवाय ८८ टक्के, चिंचोका ८५, ग्वार ८४, अल्जिनेट ३८. १०० का नाही म्हणून परत शोधत बसलो होतो, पण ११० मिलीतलं १० मिली पिशवीतच राहणार, त्यामुळे ९१ च्या वर आकडा जाऊच शकत नाही. आत बाहेर पाण्याऐवजी ०.९ टक्के सलाइन घेतल्यावर अल्जिनेट ७९ वर आलं.

याचा अर्थ अल्जिनेट वाईट असा नाही. औषध नासत नाही, फक्त धरून ठेवलं जातं, आणि काही लोक मुद्दाम हेच वापरतात. पण मला गम फुगून औषध हळू सुटायला हवंय, आणि मध्येच अशी पकड आली तर सुटण्याचा वेग कशामुळे कमी झाला ते मी व्हायव्हात सांगू शकणार नाही.

७ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिल्या गोळ्या. ८० मिग्रॅ औषध, १६० मिग्रॅ गम, बाकी एमसीसी आणि चिमूटभर मॅग्नेशियम स्टिअरेट. मग डिसोल्यूशन, म्हणजे गोळीतून औषध किती वेगाने सुटतं त्याची चाचणी, पहिले दोन तास ०.१ नॉर्मल ॲसिड, पुढे ६.८ पीएच.

पॅडलने (फिरणाऱ्या पात्याने) ढवळताना चिंचोक्याची गोळी भांड्याच्या तळाला अशी चिकटली की खालच्या बाजूने औषध सुटेना. बास्केट (गोळी ठेवायची जाळीची टोपली) लावली तर फुगलेल्या गमने जाळीच बुजवली. शेवटी स्टीलच्या तारेची स्प्रिंग वळून गोळी त्यात घातली आणि परत पॅडल, हे जमलं. दोन तासांना चिंचोका २६ टक्के. अल्जिनेटच्या गोळीवर ॲसिडमध्ये कडक कवच आलं, ते तडकलं, एक पापुद्रा सुटून निघाला आणि दोन तासांनाच ४६.

चिंचोका पुढे घेतोय, ग्वार तुलनेला, अल्जिनेट इथेच थांबलं. आतापर्यंतचा खर्च: चिंचोके १२०, ॲसिटोन १४००, एफटीआयआर २७५० (त्यातले १००० माझ्या चुकीचे), डीएससी ४५००, मेम्ब्रेन ९००, एकूण ९६७०, एसटीचं तिकीट वेगळं.

८ नोव्हेंबर

बारा तासांचं डिसोल्यूशन लावायचंय. सकाळी नऊला सुरू केलं तर शेवटचं सॅम्पल रात्री नऊला, त्या वेळेला लॅब उघडी ठेवायचा अर्ज आज दिला. मामा थांबतो म्हणालेत. पहिल्या बॅचचा तपकिरी गम अजून बाटलीत आहे, मामांना तो घोंगड्यासाठी हवा होता, पण ॲसिटोनमधून काढलेला म्हणून मॅडमनी नाही म्हटलं, तर बाटलीवर "टरफलासकट, वापरू नये" अशी चिठ्ठी लावून ज्युनियरना दाखवायला कपाटात ठेवलाय.